कितीपैकी? बजेट, महागाई आणि आजारांचे आकडे घरच्या घरी कसे तपासायचे

१ फेब्रुवारीला बजेट आलं की आमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दुपारपर्यंत चाळीस-पन्नास मेसेज पडलेले असतात, कुणी म्हणतं आरोग्याला एक लाख कोटी दिले, केवढे ते, कुणी म्हणतं देश कर्जात बुडाला, आणि पावसाळा आला की हीच माणसं डेंग्यू दुप्पट झाला म्हणून घाबरून जातात. आकडा बहुतेक वेळा खरा असतो हो. त्याच्यावरून काढलेला अर्थ मात्र गडबडलेला असतो, आणि त्या गडबडीत लोक खरंच चुकीचे निर्णय घेतात, कुणी मेडिक्लेम बंद करतं, कुणी तपासणीलाच जात नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी तुर्भ्याला अकाउंट्सचं काम करते, रोज ठाणे-वाशी लोकलने जाऊन-येऊन. सीट मिळाली की पेपर उघडते आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने भागाकार करते. बस एवढंच करायचंय. पेन्सिल, मोबाईलचा कॅल्क्युलेटर, सातवीपर्यंतचे शेकडेवारीचे हिशोब आणि प्रत्येक आकड्याला विचारायचा एक प्रश्न, "कितीपैकी?"

मोठ्या आकड्यांपासून सुरू करू, कारण तिथेच माणूस पहिल्यांदा हात टेकतो. लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं. एवढं आपल्या डोक्यात मावतच नाही, ५० लाख कोटी काय आणि ५०० लाख कोटी काय, ऐकायला दोन्ही सारखंच मोठं वाटतं. म्हणून भागायचं. लोकसंख्या ढोबळमानाने १४० कोटी धरा, मग १ लाख कोटी म्हणजे माणशी साधारण ७१४ रुपये होतात. हा ७१४ एवढा पाठ करून ठेवा, बाकी काही पाठ करावं लागत नाही. २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमधला अंदाजित एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी होता, त्याला ७१४ ने गुणलं की माणशी ३६ हजारांच्या आसपास. त्यात आरोग्य मंत्रालयाला ९९ हजार ८५९ कोटी, म्हणजे जवळपास तो ग्रुपवरचा एक लाख कोटी. माणशी वर्षाला ७१३ रुपये, दिवसाला दोन रुपयेसुद्धा पूर्ण नाहीत. आता सांगा, केवढे की एवढेच?

पण इथेच थांबून सरकार आरोग्यावर दिवसाला दोन रुपये खर्च करतं असा मेसेज पुढे ढकलू नका, तोही चुकीचाच होईल. सार्वजनिक आरोग्य हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे, सिव्हिल हॉस्पिटलं, प्राथमिक आरोग्य केंद्रं यांचा मोठा खर्च राज्य करतं आणि शहरात महापालिका करते. सगळ्यांचा मिळून सरकारी खर्च बघायचा तर राष्ट्रीय आरोग्य लेखे बघायचे, त्यात २०२१-२२ मध्ये तो जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण कमाईच्या, १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की किती अंतर राहिलं ते दिसतं. मला स्वतःला हे अंतर फार टोचतं, कारण ते शेवटी कुणाच्या तरी दागिन्यातून किंवा पीएफमधून भरलं जातं.

आता कर्जाचं. त्याला माझी एक सोपी रीत आहे, लाख कोटी काढून टाकायचं आणि हजार रुपये लावायचं, की बजेट एखाद्या घराच्या महिन्याच्या हिशोबासारखं दिसायला लागतं. २०२५-२६ चे अंदाज घेऊ. घरात आले ३४,९६० रुपये. गेले ५०,६५०. फरक १५,६९० चा, तो उधारीवर, यालाच वित्तीय तूट म्हणतात. गेलेल्या पैशातले १२,७६० जुन्या कर्जाच्या नुसत्या व्याजात, म्हणजे खर्चाचा प्रत्येक चौथा रुपया. रस्ते, रेल्वे, बांधकाम अशा टिकाऊ गोष्टींवर, म्हणजे भांडवली खर्चावर, ११,२१० आणि आरोग्य मंत्रालयाला हजाराला एखादा रुपया कमी. सगळी गल्ली मिळून जेवढं कमावते तो जीडीपी, तो या मापाने ३ लाख ५७ हजार, आणि १५,६९० ला त्याने भागलं की ४.४ टक्के. टीव्हीवर बजेटच्या दिवशी जे ४.४ टक्के ४.४ टक्के ऐकलं ते हेच. तूट उत्पन्नाशी ताडली तर भयंकर दिसते, गल्लीच्या कमाईशी ताडली तर आवाक्यातली दिसते, दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून कुणीही तुटीचा आकडा सांगितला की आधी विचारायचं, कशाच्या तुलनेत.

घराचं उदाहरण एका जागी तुटतं हेही सांगते, नाहीतर तुम्ही काका लोकांशी वाद घालायला जाल आणि अडकाल. सरकार रिटायर होत नाही, त्याचं उत्पन्न साधारण जीडीपीबरोबर वाढत राहतं, त्याचं बहुतेक कर्ज देशातच आणि रुपयांत आहे, आणि सरकारने खर्च थांबवला तर तो ज्यांचा पगार किंवा धंदा होता त्यांचंही उत्पन्न थांबतं आणि कर अजून घटतो. घरात असं होत नाही, तुम्ही हॉटेलात जाणं बंद केलं म्हणून तुमचा पगार कमी होत नाही. तेव्हा कर्ज किती यापेक्षा दोन गोष्टी बघायच्या. कर्ज कशासाठी काढलं, घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यायला काढलेलं कर्ज आणि वाणसामानासाठी काढलेलं कर्ज यातला फरक सगळ्यांना कळतो. आणि व्याजाचा वाटा वर्षागणिक वाढतोय की उतरतोय.

पुढचा सापळा शेकडेवारीचा. टक्का दिसला की लगेच विचारा, कशाचा टक्का. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत, लॉकडाऊनमध्ये, जीडीपी आदल्या वर्षीच्या तुलनेत २४.४ टक्के पडला आणि २०२१ च्या त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढला, हे ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेले आकडे. ऐकणाऱ्याला वाटतं २४ गेले, २० परत आले, चार राहिले. करून बघा. १०० मधून २४.४ गेले, राहिले ७५.६. आता २०.१ टक्के वाढ या ७५.६ वर, शंभरावर नाही, म्हणजे १५.२ ची. झाले ९०.८. दोन वर्षांनी आपण सुरुवातीच्या नऊ पावलं मागेच होतो आणि तरी हेडलाईनमध्ये वाढ विक्रमी होती. याला बेस इफेक्ट म्हणतात. तुमच्या इन्क्रिमेंटला, म्युच्युअल फंडाला, शेअरला, सगळ्याला तेच लागू आहे, ५० टक्के पडलेली गोष्ट जागेवर यायला १०० टक्के चढावी लागते.

महागाईचंही तसंच. महागाई दर ६ वरून २ टक्क्यांवर आला, मग वाशीच्या एपीएमसीत भाव उतरले का? नाही. १०० चे १०६ झाले होते, आता १०८ झाले, चढण्याचा वेग कमी झाला एवढंच. भाव उतरायला दर शून्याच्या खाली जावा लागतो. आई मला दर वेळी म्हणायची, टीव्हीवाले काहीही सांगतात, महागाई कुठे कमी झालीय. तिचं एका अर्थाने बरोबर होतं आणि त्याला अजून एक कारण होतं. सरकारी महागाई दर हा एका सरासरी टोपलीचा, म्हणजे सरासरी घर जे जे विकत घेतं त्या यादीचा, दर असतो. २०१२ ला पाया धरलेल्या मालिकेत त्या टोपलीत खाण्यापिण्याला ४५.८६ टक्के वजन होतं आणि आरोग्याला ५.८९. आता आमच्या घरी आईबाबांची बीपीची, शुगरची औषधं, महिन्याच्या तपासण्या, डॉक्टरांची फी, सगळं धरून खर्चाचा पाचवा हिस्सा आरोग्यावर जातो. आमची टोपलीच वेगळी, मग आमचा दर तोच कसा येईल?

स्वतःचा दर काढणं कठीण नाही. खर्चाचे पाच-सहा गट करा, किराणा-भाजी, भाडं किंवा हप्ता, शाळा, प्रवास, औषधोपचार, बाकीचं. प्रत्येक गट एकूण खर्चाच्या किती टक्के ते लिहा. मग तीच वस्तू, तेच प्रमाण, मागच्या वर्षी केवढ्याला होतं ते बघून प्रत्येक गटाची वाढ काढा. वाटा गुणिले वाढ, सगळ्यांची बेरीज, झाला तुमचा दर. समजा औषधोपचाराचा वाटा २० टक्के आणि ते १२ टक्क्यांनी वाढले, तर एवढ्याने तुमच्या दरात २.४ ची भर पडली, बाकीचं स्थिर राहिलं तरी. एकदा वहीत करून ठेवलं की दर जानेवारीत अर्ध्या तासात होतं.

आणि ७२ चा नियम. ७२ ला वाढीच्या दराने भागलं की किती वर्षांत दुप्पट ते कळतं. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे, दोन टक्के इकडे तिकडे चालतं, तर ४ टक्क्यांनी भाव १८ वर्षांत दुप्पट. हॉस्पिटलचं बिल वर्षाला १२ टक्क्यांनी वाढतंय असं धरलं तर सहा वर्षांत दुप्पट, बारा वर्षांत चौपट. आज पाच लाखांचं कव्हर पुरेसं वाटतंय ना, त्याच उपचाराला बारा वर्षांनी वीस लाख लागतील. पॉलिसी रिन्यू करताना हा भागाकार केलाच पाहिजे.

आता भागाकाराच्या खालच्या आकड्याकडे, छेदाकडे. याचं आपल्या ठाण्याइतकं चांगलं उदाहरण कुठेच मिळणार नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांच्या वर. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला. आता कुणी ठाणे जिल्ह्यातल्या बालमृत्यूंची, कुपोषणाची, मलेरियाची २०१३ ची संख्या आणि २०१५ ची संख्या शेजारी ठेवली तर प्रचंड सुधारणा दिसेल, आणि त्यातला मोठा भाग एवढाच की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू हे भाग आता दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर मोजले जातात. मुलं तीच आहेत, तितकीच आजारी आहेत. म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची तुलना दिसली की आधी हद्द तीच आहे का ते बघायचं, मग माणशी किती ते बघायचं.

दुसरा घोळ, २०११ नंतरची जनगणना लांबली. ठाणे महापालिका तेव्हा १८.४ लाख, नवी मुंबई ११.२ लाख. त्यानंतर घोडबंदर रोडला किती टॉवर उठले, घणसोली, ऐरोलीकडे किती लोक आले ते आपण रोज लोकलच्या गर्दीत बघतो. समजा एका शहरात डेंग्यूचे ५०० रुग्ण झाले आणि कुणी २०११ चे १८ लाख धरून दर काढला, तर लाखामागे जवळपास २८. प्रत्यक्षात तिथे आज २५ लाख लोक असतील तर लाखामागे २०. रुग्ण तेवढेच आहेत, छेद जुना आहे म्हणून शहर जास्त आजारी दिसतं.

आणि वरचा आकडा, अंश, तोही फसवतो. शोधलं की सापडतं. टीबीचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होत होते, २०२३ मध्ये १९५. घट झाली. पण नोंदवलेले रुग्ण त्याच काळात वाढत वाढत २०२३ मध्ये २५ लाखांच्या पुढे गेले. दोन्ही एकाच वेळी कसं खरं? कारण पूर्वी लाखो रुग्ण नोंदीतच येत नव्हते, खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत होते किंवा कुणाकडेच घेत नव्हते. न सापडलेल्यांची संख्या १५ लाखांवरून अडीच लाखांच्या आसपास आली. म्हणजे इथे नोंदी वाढणं ही चांगली बातमी होती आणि हेडलाईन वाचणारा घाबरला. रुग्ण वाढले म्हटलं की विचारा, आजार वाढला की तपासण्या वाढल्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे सावकाश वाचा, पेन्सिल हातात घ्या. बाबांची गोष्ट सांगते. ते वागळे इस्टेटच्या कारखान्यातून रिटायर झालेले, नेहमीची औषधं सोडली तर तब्येत ठणठणीत. जवळच एक तपासणी शिबिर होतं, फुकट छातीचा एक्स-रे होता, सगळे गेले म्हणून तेही गेले. रिपोर्टवर शेरा, टीबी संशयित. खोकला नाही, ताप नाही, वजन तेवढंच. पण घरात जे झालं ते सांगवत नाही. बाबांनी आपलं ताट-वाटी वेगळं केलं, भाचीला जवळ घेईनात, आई रात्री उठून रडायची. आठ दिवसांनी थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट आला, काही नाही. कधीकाळी झालेल्या न्यूमोनियाचा डाग होता. त्या आठ दिवसांत मी जो हिशोब करायला हवा होता तो मी नंतर केला, आणि तो सगळ्यांना आधीच यावा असं मला मनापासून वाटतं.

हिशोब असा. समजा एक तपासणी आहे, ती खऱ्या १०० रुग्णांपैकी ९० पकडते, आणि निरोगी १०० पैकी ५ जणांना चुकून संशयित म्हणते. चांगलीच तपासणी आहे ही. आता १ लाख माणसं घ्या आणि सोपं जावं म्हणून त्यात १९५ खरे रुग्ण धरा. १९५ पैकी ९० टक्के, साधारण १७५ पकडले गेले. उरले ९९,८०५ निरोगी, त्यांच्यातल्या ५ टक्क्यांना चुकून शेरा मिळाला, ते झाले ४,९९०. एकूण शेरा मिळालेले ५,१६५, त्यात खरे आजारी १७५. म्हणजे शंभर संशयितांमध्ये साडेतीन. उरलेल्या साडेशहाण्णव घरांत आई उगाच रडतेय.

आता हीच तपासणी, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या लोकांवर करू. समजा अशा १,००० लोकांत १०० जणांना खरंच टीबी आहे. ९० पकडले. ९०० निरोगींपैकी ४५ चुकून आले. १३५ मध्ये ९०, म्हणजे तीनातले दोन खरे. मशीन तेच, रिपोर्टवरचे शब्द तेच, पण अर्थ साडेतीन टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेला, कारण तपासलेली माणसं वेगळी होती. गणितात याला बेजचा नियम म्हणतात, सूत्र पाठ करायची गरज नाही, १ लाख माणसं कागदावर उभी करायची आणि मोजायची.

यावरून काय करायचं ते नीट ऐका, कारण इथे अर्धवट अर्थ घेणं धोक्याचं आहे. तपासणी टाळायची नाही. पहिल्या शेऱ्यानंतर दुसरी, पक्की तपासणी करायचीच, लगेच, टाळाटाळ न करता. टीबीला थुंकीची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. दुसऱ्या तपासणीचं महत्त्व याच हिशोबात दिसतं, पहिल्या शेऱ्याने शक्यता लाखात १९५ वरून शंभरात साडेतीनवर आली, म्हणजे सतरापट झाली, आता या गटातून दुसरी चाचणी खरे आणि खोटे वेगळे करते. आणि निगेटिव्ह आली तरी खोकला चालूच असेल तर परत जायचं, कारण १०० पैकी १० खरे रुग्ण निसटतात हेही त्याच हिशोबात आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार ठेवा, माझ्यासारख्या माणसात हा आजार कितीपैकी कितींना असतो, ही तपासणी किती वेळा उगाच पॉझिटिव्ह येते, पुढची पक्की तपासणी कोणती. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत.

धोका दुप्पट, हे शब्द दिसले की घाईने वाचू नका. दहा हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पट आणि शंभरात २० चे ४० झाले तरी दुप्पट. पहिल्यासाठी झोप घालवायची नाही, दुसऱ्यासाठी आजच काहीतरी करायचं.

कोविडच्या वेळी एक मेसेज फार फिरला, हॉस्पिटलमधले निम्म्याहून जास्त लस घेतलेलेच आहेत, मग लसीचा उपयोग काय. कागद घ्या. समजा १०,००० लोक, ९,००० नी लस घेतली, १,००० नी नाही. लसवाल्यांतले १ टक्का दाखल झाले, ९० जण. बिनलसवाल्यांतले ५ टक्के, ५० जण. वॉर्डात १४० माणसं, त्यातली ९० लसवाली, ६४ टक्के. आणि तरी लस न घेणाऱ्याचा धोका पाचपट. वॉर्ड बघून उलटा निष्कर्ष निघाला कारण "कितीपैकी" विचारलं नाही.

विम्याकडे येऊ, इथे अर्थशास्त्र आणि शक्यता दोन्ही एकत्र नांदतात. दोनशे फ्लॅटची सोसायटी घ्या. वर्षात दर वीस घरांमागे एका घरात कुणीतरी ॲडमिट होतं आणि बिल दीड लाखाचं होतं असं धरा. एकट्या घराला एकतर शून्य किंवा दीड लाख. सगळ्यांनी मिळून वर्गणीची पेटी केली तर अपेक्षित १० बिलं, १५ लाख, घरटी ७,५०० रुपये. आता मुद्दा असा की १० म्हणजे नेमकी १० येणार नाहीत, कधी ५ येतील कधी १५, बहुतेक वर्षं ४ ते १६ च्या मध्ये. वीसच घरांची पेटी असती तर अपेक्षित बिल एक, पण तीन किंवा जास्त येण्याची शक्यता साडेसात टक्के, आणि तीन आली की घरटी २२,५०० काढावे लागतील, भांडणं होतील. दोन लाख घरांची पेटी असेल तर अपेक्षित १०,००० आणि फरक पडला तर साधारण दोनशे इकडे, दोनशे तिकडे, म्हणजे जेमतेम दोन टक्के. जितकी पेटी मोठी तितकं नशीब कमी चालतं. देशपातळीवर आरोग्य योजना का करतात त्याचं गणित एवढंच आहे.

पेटी बुडते कशी तेही बघा. समजा तरुण मंडळी म्हणाली आम्हाला काय होतंय, आणि बाहेर पडली. राहिले वयस्कर आणि आधीपासून आजार असलेले, त्यांच्यात पाचातला एक ॲडमिट होतो, मग घरटी ३०,०००. हे ऐकून अजून चार धडधाकट बाहेर पडतात, रक्कम अजून वाढते. म्हणून विमा कंपन्या आधीच्या आजारांना वेटिंग पिरियड लावतात, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचं बिल मिळत नाही, जो २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आधी चार होता. म्हणूनच मी भावाला म्हणते, तिशीत घे, आजार झाल्यावर घ्यायला जाशील तेव्हा तुला दार अर्धंच उघडेल. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, रिन्यूअलची रक्कम बघताना कराच्या ओळीत काही लावलंय का तपासा. आणि सरकारी पेट्या विसरू नका. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर नेली. आमच्या मजल्यावरच्या काकू ७४ वर्षांच्या, त्यांना हे कार्ड काढता येतं हेच माहीत नव्हतं, मग एका रविवारी आधार घेऊन बसलो आणि काढलं.

याच संदर्भात एक आकडा वारंवार येतो, एकूण आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. चांगलंच आहे, पण वाटा आणि रुपये यात गल्लत नको. समजा एकूण खर्च १०० होता आणि खिशातून ६४ जात होते, आता एकूण १६० झाला आणि खिशातून ६३ जातात, तरी वाटा ३९ टक्केच येतो. सरकारचा आणि विम्याचा हिस्सा वाढला हे खरं, तुमचा खिसा हलका होणं थांबलं असं मात्र त्यातून निघत नाही.

सर्वेक्षणांबद्दल थोडं, कारण आरोग्याचे निम्मे आकडे तिथूनच येतात. शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या करतात, त्यातच नमुना पाहणीचं सगळं शास्त्र आहे. भात नीट ढवळलेला असेल तर दोन शितं पुरतात, मग पातेलं घरचं असो की लग्नाचं. ढवळलेला नसेल, वरचीच शितं घेतली, तर तळाला लागलेलं कळतच नाही. हिरानंदानीत आणि कोलशेतच्या महागड्या टॉवरमध्ये विचारून ठाण्याचं आरोग्य ठरवलं तर तसंच होईल, दाटीवाटीचं दिवा-मुंब्रा त्यात येणारच नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी उभी केली ती याच ढवळण्याची शिस्त लावून, त्यांचा जन्मदिवस २९ जून देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळतात.

नमुना किती मोठा हवा याचा ढोबळ नियम, नमुन्यातल्या लोकांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. १०,००० लोकांत एक टक्का इकडे तिकडे, ९०० लोकांत तीन टक्क्यांच्या वर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर साडेसहा लाखांच्या आसपास घरं होती, देशाचा आकडा त्यामुळे पक्का येतो. पण सातशेवर जिल्ह्यांत वाटलं की जिल्ह्याला नऊशेच्या आसपास घरं येतात. तेव्हा ठाण्यात अमुक गोष्ट ६२ टक्के आणि शेजारच्या जिल्ह्यात ६४, आपण मागे पडलो, अशी बातमी आली तर तिच्यावर चर्चाच करायची नाही, एवढा फरक शितं वेगळी निवडली तरी पडतो. दहाचा फरक असेल तर मात्र लक्ष द्या.

आता सराव. सुरुवात बजेटपासून करा, कारण आकडे एका जागी आणि फुकट मिळतात, अर्थ मंत्रालयाच्या बजेटच्या वेबसाईटवर बजेट ॲट अ ग्लान्स नावाचा दस्तऐवज असतो, मोबाईलवर उघडतो. सुरुवातीचाच तक्ता घ्या. त्यातून चार आकडे काढा, कर्ज सोडून जमा (एकूण जमेतून उधारीची ओळ वजा करून), एकूण खर्च, व्याज, भांडवली खर्च. तिथे आकडे कोटींत असतात, एक लाखाने भागलं की लाख कोटी होतात, मग ७१४ ने गुणून माणशी काढा आणि शेजारी मागच्या वर्षीचं लिहा, तोही त्याच तक्त्यात असतो. फक्त एक बघा, मागच्या वर्षाचे दोन आकडे असतात, अंदाज आणि सुधारित अंदाज. ठरवलं किती आणि खरंच झालं किती यातला फरक सुधारित अंदाजात कळायला लागतो, म्हणून तुलना त्याच्याशी करा, आणि त्याच्या आदल्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा दिलेला असतो तोही घ्या. आरोग्याची ओळ बघताना तर हे सोडूच नका. ती ओळ त्याच दस्तऐवजात पुढे मोठ्या खर्चांच्या तक्त्यात असते, आणि जाहीर झालेली रक्कम खरंच खर्च होतेय का याचा अंदाज तिथे येतो.